लिहिणाऱ्याने तोंडाला रंग लावावा

सिंधुदुर्गातल्या जत्रेत रात्री दशावतार उभा राहतो, तेव्हा कुणाच्याही हातात संहिता नसते. आख्यान ठरलेलं, पात्रं ठरलेली. संवाद मात्र नटांनी तिथल्या तिथे रचायचे. राजा आणि नारद यांचा वाद पेटला की प्रत्येकाला आपलं वाक्य अशा जागी सोडावं लागतं, की समोरच्याला ते उचलता यावं आणि पेटीवाल्याला सूर धरता यावा. म्हणजे इथे नाटककार आणि नट एकाच देहात नांदतात. एखादा नाटककार सिनेमात गेला की ‘लेखणी सोडली’ म्हणून हळहळणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

गिरीश कर्नाड यांचंच उदाहरण घेऊ. १९३८ साली माथेरानला जन्मलेल्या या कन्नड नाटककाराची ‘ययाती’ आणि ‘तुघलक’ आधी आली; १९७० च्या ‘संस्कार’ चित्रपटाची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्यातला प्राणेशाचार्यही साकारला. आपण मराठी माणसं त्यांना जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मधला वकील नवरा म्हणून ओळखतो. त्याची बायको सुलभा घरी परतते, तेव्हा आपल्या आयुष्यात दुसरी स्त्री आल्याचं तो तिला सांगतो. रंगभूमीवर अशा जागी नाटककार पानभर स्वगत लिहील. कॅमेऱ्यापुढे मात्र थोडे शब्द आणि नजर पुरते. कुठला शब्द लिहायचा नाही, हे लेखकाला शिकवणारी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

यावर आक्षेप येतो, की सिनेमा वेळ खातो आणि प्रसिद्धी नाटकांना झाकून टाकते. दुसरी गोष्ट खरी आहे. चेहरा ओळखणारे पुष्कळ, ‘तुघलक’ वाचलेले थोडे. पण पहिली तारखांपुढे टिकत नाही. गणेशपूजनाने सुरू होणारं, म्हणून दशावतार पाहणाऱ्याला जवळचं वाटणारं ‘हयवदन’ ‘संस्कार’नंतर आलं, ‘नागमंडल’ आणि ‘तलेदंड’ तर त्याहून कितीतरी उशिरा. कुणी म्हणेल, दशावतारी नट स्वतःचे शब्द बोलतो, सिनेनट दुसऱ्याचे. बरोबर आहे. पण दुसऱ्याचं वाक्य जिभेवर घोळवल्यावरच आपल्या वाक्यातलं ओझं कळतं. म्हणून मालवणीत लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगणं आहे: नाटक छापायला देण्याआधी त्यातली एक भूमिका स्वतः उभी करा. जे वाक्य तोंडात अडेल, ते खोडा.