फासा आणि तालीम

फाशाचें नांव निघालें कीं वडील माणसांच्या कपाळास आठी पडते, व तें योग्यच आहे. द्यूतानें धर्मराजाचें राज्य घालविलें हें आमच्या हिंगोलीच्या मुलांस सांगावयास नको. परंतु याच फाशास एका कलावंतानें निराळ्या कामीं लाविलें. त्याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं अवश्य करावा, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंतील नर्तक मर्स कनिंगहॅम (१९१९–२००९) हे नृत्यांतील हालचालींचा क्रम कित्येकदां नाणें उडवून ठरवीत. संवयीचींच वळणें पुन्हां पुन्हां येऊं नयेत, हा हेतु. १९६४ सालीं त्यांची मंडळी भारतांतहि येऊन गेली. वृद्धपणीं त्यांनीं संगणक हातीं धरला. पडद्यावरील मनुष्याकृति हालवून ते नवीं पावलें रचूं लागले. १९९९ सालीं, म्हणजे आपला जिल्हा निर्माण झाला त्याच वर्षीं, त्यांचें 'बायपेड' रंगभूमीवर आलें. नर्तकांच्या अंगावर खुणा लावून त्यांच्या हालचाली कॅमेऱ्यांनीं टिपल्या होत्या. त्यांवरून पॉल कायझर व शेली एश्कर यांनीं संगणकाच्या साह्यानें घडविलेल्या रेखाकृति पातळ पडद्यावर खऱ्या नर्तकांसमवेत नाचत. व्हिडिओ गेममधील योद्ध्यांस चालावयास शिकविणारी युक्ति तीच.

२००३ सालच्या 'स्प्लिट साइड्स'मध्यें तर प्रेक्षकांसमक्ष फासे टाकीत. नृत्य, संगीत, वेष, देखावा व प्रकाश यांचे प्रत्येकीं दोन भाग. कोणता आधीं हें फाशानें ठरे. असे ३२ प्रकार संभवत.

सापशिडींत दान पडेल तशी सोंगटी सरकते. तिला कांहीं शिकावें लागत नाहीं. येथें मनुष्यच सोंगटी झाला, पण कोणत्याहि दानास सिद्ध होऊन उभा राहिला. आमचा शेतकरी तरी दुसरें काय करतो? पावसाचा दिवस त्याच्या हातीं नाहीं. मृगापूर्वीं रान तयार ठेवणें हातीं आहे.

परीक्षेंतील प्रश्न हेंहि एक दानच. 'अमुकच येणार' म्हणून चार उत्तरें घोकणारा विद्यार्थी जुगार खेळतो. सर्व पुस्तक अभ्यासणारा निर्भयपणें बसतो. तरीहि एखादे वेळीं दान उलटें पडतेंच. तेव्हां निकालाच्या दिवशीं पालकांनीं केवळ गुण पाहूं नयेत. मुलानें वर्षभर केलेली तालीमहि पाहावी, व मगच त्यास बोल लावावा कीं जवळ घ्यावें तें ठरवावें, एवढी आमची विनंति आहे.