उणे दोनशे चौदा कोटी

सोमवार, ८ जुलै २०२४, चाकण

चाकण एमआयडीसीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातून दुपारी बोलावणं आलं. नटरनर बोल्ट आवळतोय, हिरवा दिवाही लागतोय, पण टॉर्कचा आकडा रिपोर्टला चढत नाही. सुपरवायझर म्हणाले, "सर, बोल्ट ओके आहे, पण रेकॉर्ड नाही म्हणजे पीस होल्डवर. डिस्पॅच अडकलाय." हे आकडे मेमरी कार्डवरच्या फाइलीत नोंदवणाऱ्या, पॅनलमधल्या गेटवेच्या लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: कार्डवर लिहिता आलं नाही. मेंटेनन्सवाल्यांनी सकाळीच नवं कार्ड घालून जुना डेटा त्यावर उतरवला होता, तरी ओळ तीच. प्रोग्रामने कर्नेलकडे नेमकं काय मागितलं ते बघेपर्यंत आणखी काही बदलू नका, असं सांगून आलो.

मंगळवार, ९ जुलै, चाकण

प्रोग्राम कर्नेलकडे जे मागतो, म्हणजे सिस्टिम कॉल, ते दाखवणारं साधन म्हणजे एस-ट्रेस. तो लावला की प्रोग्राम प्रत्येक सिस्टिम कॉलला दोनदा थांबतो, आत जाताना आणि बाहेर पडताना. चालत्या लाइनवर हा भार नको, म्हणून शिफ्ट बदलण्याची वेळ साधली. फाइलमध्ये जागा शोधणारे आणि लिहिणारे कॉल तेवढेच मागितले. एक सुटा बोल्ट आवळून घेतला आणि पडद्यावर हे आलं:

एलएलसीक(५, -२१४७४८३६४८, …, सीक_सेट) = -१ ईइनव्हाल

त्यानंतर राइट नाहीच. म्हणजे कार्डापर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. फाइलच्या सुरुवातीपासून उणे दोनशे चौदा कोटी बाइटांवर जा, असं प्रोग्राम म्हणत होता, आणि कर्नेलने अर्ज फेटाळला होता. 'कार्डवर लिहिता आलं नाही' ही ओळ प्रोग्रामने स्वतःच्या समजुतीने लिहिलेली.

हिशेब जागेवरच जुळला. एक रेकॉर्ड ६४ बाइटांचं, फाइल २०१८ पासून एकच. पुढच्या रेकॉर्डचा क्रमांक ३,३५,५४,४३२; गुणिले ६४ म्हणजे २,१४,७४,८३,६४८. चिन्हासह ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या याहून एकाने कमी. रेकॉर्डचा क्रमांक साध्या इंटमध्ये ठेवून गुणाकार केलेला. तो उलटला आणि ऋण झाला.

बुधवार, १० जुलै, भोसरी

तसाच ३२ बिटी एआरएम गेटवे टेबलावर मांडला. आमच्याकडचा नवा मुलगा हुशार आहे. त्याने कर्नेलमधलाच ट्रेसर, एफट्रेस, वापरून पाहिला. तो आर्ग्युमेंटं कच्चीच छापतो: वरचा अर्धा एफएफएफएफएफएफएफएफ, खालचा ८०००००००. त्याने खालचा अर्धा दशमानात फिरवला आणि म्हणाला, "दादा, २१४७४८३६४८. जागा तर बरोबर आहे! मग कर्नेल नाही का म्हणतो?"

प्रश्न रास्तच होता. ३२ बिटी यंत्रावर ६४ बिटांची जागा एका रजिस्टरात मावत नाही. म्हणून एलएलसीक पाच आर्ग्युमेंटं घेतो: फाइलचा क्रमांक, वरचा अर्धा, खालचा अर्धा, उत्तर ठेवायचा पत्ता, आणि कुठून मोजायचं ते. गुणाकार आधीच ऋण झालेला, तो ६४ बिटांत पसरताना वरचा अर्धा सगळा एकांनी भरला. दोन्ही अर्धे जोडून, चिन्ह राखून वाचले तरच उणे दिसतं. एस-ट्रेस ते जोडून देतो. आणि कच्चं हवं असेल तर त्याच एस-ट्रेसला 'रॉ' सांगून तेही मिळतं. दोन्ही शेजारी ठेवून मुलाला दाखवलं.

उत्तराचंही तसंच. साधा एलसीक कॉल नवी जागा परत देतो. एलएलसीक यशस्वी झाला तरी शून्यच देतो, खरी जागा त्या पत्त्यावर लिहिलेली असते. ती कॉल संपल्यावरच वाचता येते, म्हणून बाहेर पडतानाचा थांबा लागतो. यशस्वी कॉलच्या ओळीत एस-ट्रेस चौकटी कंसात जो आकडा दाखवतो, तो तिथून येतो.

गुरुवार, ११ जुलै

भोसरीची साप्ताहिक सुट्टी. लाइट येऊन-जाऊन. एस-ट्रेसचा एलसीकचा कोड वाचत बसलो; छोटासा आहे. पॉल क्रॅननबर्ग यांनी १९९१ मध्ये सनओएससाठी लिहिलेलं हे साधन पुढे लिनक्सवर आलं. २००९ पासून दिमित्री लेव्हिन सांभाळतात. कुठल्या यंत्रणेवर ऑफसेट, म्हणजे फाइलमधली जागा सांगणारा आकडा, किती रुंद, याची काळजी त्यात घेतलेली आहे. ६४ बिटी एक्स-८६ वरच्या एक्स-३२ या प्रकारात पॉइंटर ३२ बिटी, पण कर्नेलचा लाँग ६४ बिटी. तिथे एलसीकचा ऑफसेट ३२ बिटी धरला तर मोठ्या फाइलची जागा कापूनच दिसेल. सिस्टिम कॉलच्या क्रमांकांचीही तीच गत: ३२ बिटी एक्स-८६ वर १९ म्हणजे एलसीक, ६४ बिटी एक्स-८६ वर १९ म्हणजे रीडव्ही. प्रोग्राम कोणत्या प्रकारात चाललाय हे साधनाला आधी कळावं लागतं. या चार-दोन ओळी कुणीतरी नीट लिहिल्या म्हणून चाकणला माझा दिवस वाचला. त्या माणसांविषयी मनापासून आदर वाटतो.

शनिवार, १३ जुलै, चाकण

गुणाकार ६४ बिटांत करून घेतला. नवी बिल्ड चढवली, बोल्ट आवळला:

एलएलसीक(५, २१४७४८३६४८, [२१४७४८३६४८], सीक_सेट) = ०

पाठोपाठ ६४ बाइटांचा राइट. मधले निकाल नटरनरच्या कंट्रोलरमध्ये साठलेले होते, ते भरून घेतले. होल्डवरचे पीस दुपारी सुटले.

या पट्ट्यात असे ३२ बिटी डबे पॅनलोपॅनली बसवलेले आहेत आणि त्यांच्या फाइली रोज वाढताहेत. मेंटेनन्सच्या मित्रांनो, दोन जीबीजवळ पोचलेली फाइल आजच शोधा. आणि प्रोग्रामरला ट्रेस पाठवाल तेव्हा ओळ कापू नका. डबा ३२ बिटी की ६४, आणि एस-ट्रेसची आवृत्ती कोणती, हे सोबत लिहा.