आजीच्या वहीतला खाडा

लालबाग, मुंबई
आषाढातला रविवार

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, वीस तारीख उलटली की हातात काही उरत नाही. आजी बावीस जणांना दोन वेळा जेवू घालायची आणि आम्हाला तिघींचं जमत नाही." त्यावर मी काहीतरी बोलून फोन ठेवला, पण मन तिथेच अडकलं. आज पाऊस आहे, घरात मी एकटी आहे आणि आजीची ती लांबट वही ट्रंकेतून काढून समोर घेतली आहे. तिच्यातून तुला जे द्यायचं ते आज लिहून टाकते.

तू आजीला पाहिलंस ते तिच्या म्हातारपणी. मी सांगते ती १९७० नंतरची आजी. चाळीतली आपली एकच खोली. मोरीच्या बाजूला दोन स्टोव्ह, वर फळीवर पितळी डबे, भिंतीला उभ्या केलेल्या पत्रावळीसारख्या थाळ्या. लालबाग-परळच्या गिरण्यांत काम करायला कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कितीतरी माणसांचं कुटुंब गावीच असायचं. एकेका गाळ्यात वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला आपल्यासारख्या घरगुती खानावळीत यायचे. त्यांना आपण 'मेंबर' म्हणायचो. गिरणीचा भोंगा झाला की एक पाळी आत, दुसरी बाहेर. त्या भोंग्यावर आपल्या घरचा तवा चढायचा आणि उतरायचा.

वहीत प्रत्येक मेंबरचं एक पान आहे. जेवलेल्या दिवशी उभी रेघ, न जेवलेल्या दिवशी फुली. त्या फुलीला म्हणायचं खाडा. महिनाअखेरीस खाडे वजा करून पैसे घ्यायचे. खाडा आदल्या रात्री सांगायचा, असा आजीचा सक्त नियम होता, कारण पीठ रात्रीच मोजलं जायचं. तिच्या स्वस्ताईचं मूळ इथे आहे. उद्या किती तोंडं आहेत हे तिला झोपण्याआधी ठाऊक असायचं. तुम्ही एका खोलीतल्या तिघी सकाळी उठून "आज काय करूया" म्हणता, आणि त्याचं उत्तर संध्याकाळी बाहेरून मागवलेल्या डब्यात मिळतं. तर पहिलं हे कर. रविवारी रात्री सात दिवसांचा कागद लिही आणि कोण कुठल्या रात्री नाही तेही त्यावर मांड.

कागदावर काय लिहायचं? आजीचा आठवडा कडधान्यावर उभा होता. सोमवारी मटकी, मंगळवारी मसूर, बुधवारी पिठलं, गुरुवारी चवळी, शुक्रवारी काळे वाटाणे, शनिवारी कुळथाची पिठी आणि रविवारी बाजारात जे स्वस्त असेल ते मासे. भाजी महागली तर ती वाटीत कमी व्हायची, उसळ कमी होत नसे. गिरणीत आठ तास साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाचं पोट पाल्यावर भरत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. शंभर ग्रॅम सुक्या मटकीत वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. डाळीच्या प्रथिनांत जे कमी ते भातात-भाकरीत आणि त्यांच्यात जे कमी ते डाळीत, म्हणून वरण-भाताची जोडी पिढ्यान् पिढ्या टिकली.

तुझ्यासाठी मापं लिहिते. एक वाटी मटकी रात्री भिजव, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांध, रात्री मोड आलेले दिसतील आणि अडीच वाट्यांच्या वर भरेल. त्यात एक बटाटा टाकलास तर तिघींचं एका वेळचं जेवण होऊन उद्याच्या डब्याला उरेल. भिजवायला विसरलीस तर अख्खा मसूर आहे. त्याला रात्रभर भिजायला लागत नाही. काहीच हाताशी नसेल तर एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, दोन कांदे आणि लसूण, झालं पिठलं. आणि खूप दमून येशील त्या दिवसासाठी कुळथाची पिठी घरात ठेवच. दादरला कोकणी मालाच्या दुकानांत मिळते. लसणाची फोडणी, हिरवी मिरची, तीन-चार वाट्या पाणी, दोन आमसुलं. त्यात तीन-चार चमचे पिठी पाण्यात कालवून सोडायची आणि उकळी येईपर्यंत ढवळायची. गरम भातावर ओतलीस की दुसरं काही लागत नाही. खोकल्याच्या दिवसांत तुझे बाबा हीच पिठी वाटीने प्यायचे.

बाजाराचंही सांगते, कारण तू दादरला राहतेस आणि तिथला बाजार तुझ्या दारात आहे. सेनापती बापट मार्गाकडच्या पहाटेच्या भाजीबाजारात एकटी गेलीस तर घाऊक माल तुला परवडणार नाही, कारण तो कुजेल. तिघींनी मिळून, किंवा शेजारच्या खोलीला धरून जा. कांदे-बटाटे पाच-पाच किलो घ्या आणि वाटून घ्या. भाजी घेताना मुळा पाल्यासकट घे, फ्लॉवरचे कोवळे देठ टाकू नकोस, दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी कर. या दिवसांत स्टेशनबाहेर आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन बसतात. ती भाजी निवडायला वेळ लागतो, पण तिच्या चवीला तोड नाही, आणि जी बाई पहाटेची गाडी पकडून ती घेऊन आली तिच्याशी दोन-दोन रुपयांसाठी घासाघीस करू नकोस. आपली काटकसर तिच्या पोटातून काढायची नाही.

मासे आता महाग आहेत, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. आजी मे महिन्यातच जवळा, सुकट, सुके बोंबील उन्हात खडखडीत करून डब्यात भरायची. मूठभर जवळा, दोन कांदे आणि एक वांगं एवढ्यात तिघी भाकरीशी पोटभर जेवतील. बंदी उठली की मांदेली आणि तारली बघ. पापलेटाच्या वाटेला जाऊ नकोस. मसाल्याचीही बेगमीच करायची. एप्रिल-मेमध्ये इथे लालबागला ये, मिरची गल्लीतून बेडगी आणि संकेश्वरी आपण दोघी निवडून घेऊ, उन्हात वाळवू आणि डंकावर कुटून आणू. वर्षाचा मसाला घरात असला की साध्या बटाट्याच्या रश्शालाही जेवणाचा मान येतो. दर आठवड्याला पाकिटं आणलीस तर पैसे किती गेले ते कळतही नाही.

गॅस वाचवायचा तर कुकरचे डबे रिकामे ठेवू नकोस. खाली डाळ, मध्ये तांदूळ, वर भोपळा किंवा बटाटे, एकाच आचेवर तिन्ही. उरलेल्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी, हे तुला ठाऊक आहेच.

एवढं वाचून तुला वाटेल की आजीचं सगळं रहस्य हेच. इतकी वर्षं मलाही तसंच वाटत होतं आणि मी ते कौतुकाने सांगत आले. आज वही पुन्हा चाळताना ते कौतुक माझ्या घशात अडकलं, म्हणून पुढचं लिहिते आहे. हे नीट वाच.

मेंबर पैसे देणार पगार झाल्यावर. किराणा मात्र महिनाभर लागणार. मग वाण्याकडे उधारी, आणि वाण्याने हात आखडला की सावकार. आजीच्या मंगळसूत्राच्या वाट्या कितीदा गेल्या-आल्या त्याच्या खुणा वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. गिरणगावातल्या शेकडो खानावळवाल्या बायकांची हीच गत होती. त्यांच्या श्रमावर गिरण्यांचे कामगार उभे होते, पण त्यांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेली ही बाई चाळीचाळींत फिरली आणि तारण ठेवायला काही नसलेल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची, हेच तारण. आजीही अशा एका गटात होती. बँकेत सही करायला जाताना तिने इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. परत आल्यावर ती म्हणाली, "त्यांनी विचारलं धंदा काय, आणि मी सांगितलं, खानावळ." तोवर ती खानावळीला धंदा म्हणतच नव्हती. 'चार माणसांचं करते' म्हणायची.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने आजीने कुणाची थाळी बंद केली नाही. वहीत उभ्या रेघा तशाच आहेत, जमेची बाजू कोरी. मग एकेक मेंबर गावी गेला. काहींनी पुढे मनिऑर्डरने पैसे पाठवले, काहींना ते कधी जमलंच नाही. आजीने कुणाला दोष दिला नाही. पण ती तूट भरली कुणी? तिने स्वतःच. त्या दिवसांत ती भाताची पेज आणि मीठ घेऊन मोरीपाशी बसायची आणि मला सांगायची, "मला भूक नाही गं." मी तेव्हा कॉलेजात जाणारी मुलगी. माझा तिच्यावर विश्वास बसला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

छकुली, स्वस्त जेवणाची उरलेली किंमत कुणीतरी भरतच असतं. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. पण शहरात त्या थाळीची किंमत पन्नास रुपये धरली होती. दहा जेवणाऱ्याचे, चाळीस सरकारचे. हिशेब उघड होता. आपल्या घरातले ते चाळीस रुपये आजीच्या पाठीतून, तिच्या झोपेतून आणि तिच्या थाळीतून यायचे, आणि ते कुठेच लिहिले जात नव्हते. तिच्या काटकसरीचं कौतुक करताना आपण नेमकं तेच झाकून टाकतो.

आणखी एक. वीस तारखेला पैसे संपतात याची तू लाज बाळगतेस, ते मला फोनवर कळलं. १९७२ साली याच मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्याबरोबर हजारो घरच्या बायका लाटणी हातात घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल मिळत नाही याचा जाब त्यांनी सरकारला विचारला, आपल्या हाताला दोष दिला नाही. खोलीचं भाडं तुझ्या पगारातून केवढं खातं ते मला माहीत आहे. तू उधळी नाहीस. नीट रांधायला शीक ते अंगात बळ राहावं म्हणून. शिक्षा म्हणून अर्धपोटी राहू नकोस.

आता तुमच्या खोलीचं. तुझ्या बोलण्यातून मला असं दिसलं की स्वयंपाक तू करतेस आणि बाकीच्या दोघी पैसे देतात. सुरुवातीला बरं वाटतं, पुढे तीच खानावळ होते. तेव्हा एक वही घाल. तिच्यात तीन रकाने कर: कोणी आणलं, कोणी रांधलं, कोणी घासलं. आठवड्याच्या शेवटी तिन्ही रकाने सारखे भरलेले हवेत. जिला रांधता येत नाही तिला पिठल्यापासून शिकव, महिन्याभरात जमेल. पुरी पडणार नाही अशी उसळ झाली तर तिघींच्या ताटात सारखीच कमी वाढ. "मला भूक नाही" हे वाक्य तुमच्या खोलीत कुणीही, विशेषतः तू, कधी म्हणायचं नाही.

आजीची वही मी तुला देणार होते, पण आज पुन्हा पाहिल्यावर ती माझ्याकडेच राहू दे असं वाटलं. बावीस पानं आहेत, बावीस माणसांच्या फुल्या आहेत: गणपतीत गावी गेलेल्यांचे खाडे, आजारपणाचे खाडे, होळीचे खाडे. प्रत्येकाचा खाडा तिने प्रामाणिकपणे वजा केला. तिच्या स्वतःच्या नावाचं पान मात्र वहीत नाही, आणि इतक्या वर्षांत चूल पेटली नाही असा एक दिवसही मला आठवत नाही.

तुमच्या वहीत तुझं पान पहिलं घाल. येत्या रविवारी त्यावर फुली मार आणि इकडे जेवायला ये. काळ्या वाटाण्याची उसळ करते. येणार नसशील तर शनिवारी रात्रीच कळव, वाटाणे भिजत घालायचे आहेत.

तुझी,
आत्या