पंचवीस नंबरची काच

माझ्याकडे चार रंगीत काचा आहेत. प्रत्येक काच साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी, काळ्या कड्यात बसवलेली. कड्यावर बारीक अक्षरांत नंबर आहेत: १२, २५, ५८ आणि ८०ए. पिवळी, लाल, हिरवी, निळी. हा क्रम मी पाठ केलाय. कारण रात्री टॉर्चच्या उजेडात २५ आणि ५८ हातात दिल्या, तर त्यातली लाल कोणती हे मी पैज लावून सांगू शकत नाही. मी नंबर वाचतो.

आमचं गाव देव्हाडी. भंडारा जिल्ह्याबाहेरच्यांना हे नाव माहीत नसतं, पण मुंबई-हावडा मार्गावरून गेलेल्यांनी ‘तुमसर रोड’ अशी पाटी पाहिलेली असते. ते स्टेशन आमच्या देव्हाडीत आहे. तिथून एक फाटा तिरोडीकडे जातो, मँगनीजच्या खाणींच्या बाजूला. बाबा ट्रॅकमन होते, आमच्या बोलीत गँगमन. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन रुळाच्या कडेनं जायचो आणि लांबून सिग्नल ओरडून सांगायचो. लाल! पिवळा! हिरवा! बाबा खूश व्हायचे. पोट्टा इंजिनात बसणार हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

मी एकदाही चुकलो नाही. चुकणार कसा? सगळ्यात खालचा दिवा लागला की लाल, हे मला माहीत होतं. मी रंग सांगत नव्हतो, जागा सांगत होतो. हे मात्र मलाही ठाऊक नव्हतं.

ते कळलं मेडिकलला. लेखी परीक्षा झाली, संगणकावरची झाली, आणि मग एका टेबलावर ठिपक्यांचं पुस्तक समोर आलं. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली छापलेल्या तक्त्यांचं पुस्तक. पहिल्या पानावर १२ असतो, तो सगळ्यांनाच दिसतो. मलाही दिसला. दुसऱ्या पानावर मी ठणकावून ‘३’ म्हणालो. तिथं ८ होता. पुढची पानं भराभर उलटली गेली. काही पानांवर मला नुसते ठिपके दिसले. पाच मिनिटांत दोन वर्षं संपली.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. हजारभर माणसं मागे घेऊन रात्री धुक्यात गाडी चालवणाऱ्याला लाल आणि हिरवा कळलाच पाहिजे. तक्रार असेल तर एवढीच की हे मला बाविसाव्या वर्षी कळलं, क्लासची फी भरून झाल्यावर.

बाबांना ते पटलं नाही. ‘लहानपनापासून सिग्नल सांगत होता, अन् आता दिसत नाही?’ मी जागेचं गणित समजावलं, तर त्यांना तो बहाणा वाटला. त्यांच्या मते माझं मन नव्हतं, मी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. नागपूरच्या क्लाससाठी त्यांनी पीएफमधून पैसे काढले होते. शेजारी विचारलं तर ‘मेडिकलमंदी राहिला’ म्हणायचे. घरात मात्र त्या विषयावर गप्प. आईला मी एकदा सांगितलं की हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो. सांगायला नको होतं. ती भाजी चिरता चिरता थांबली. मग म्हणाली, तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या भिवापूरकडच्या आजोबांना, मिरची तोडायला कोणी घेत नसे. ते हिरव्या-लाल एकत्रच तोडायचे. लोक त्यांना आळशी म्हणायचे.

आता माझं तुमसरला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. रेल्वेचे फॉर्म सगळ्यात जास्त निघतात. लोको पायलटचा फॉर्म भरायला पोरगा आला की मी आधी त्याला डोळे तपासून यायला सांगतो. बरेच जण हसतात. दोघं हसले नाहीत, परत येऊन दुसऱ्या पदाचा फॉर्म भरला.

दुर्बीण नागपूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून जुनी घेतली. सहा इंची आरसा, लांबलचक नळी, खाली लाकडी फिरती बैठक. चंद्र पाहिला, शनीची कडी पाहिली, गावातल्या पोरांना दाखवली. कड्यांना रंग लागत नाही, त्या सगळ्यांना सारख्याच दिसतात. अडचण गुरूपाशी आली. गुरूवरचे पट्टे मला दिसायचे, पण ज्यासाठी लोक तो पाहतात तो लाल डाग, पृथ्वीहून मोठं ते वादळ, मला कधीच दिसला नाही. अॅपमध्ये वेळ बघून बसायचो. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे डाग आपल्या बाजूला नेमका कधी येणार हे सांगता येतं. अॅप म्हणायचं, आत्ता अगदी मधोमध आहे. मला साय धरलेल्या दुधासारखी गोल थाळी आणि तिच्यावर दोन करडे पट्टे दिसायचे.

डाग नावाला लाल आहे. प्रत्यक्षात तो फिका, विटकरीकडे झुकलेला, आणि भोवतीचे ढग पिवळट पांढरे. दोन्हींचा उजेड जवळपास सारखा, फरक मुख्यतः रंगाचा. म्हणजे इशिहाराचं दुसरं पानच, फक्त साठ-सत्तर कोटी किलोमीटरवर.

दुर्बिणीसोबत मिळालेल्या डबीत या चार काचा होत्या. त्यांना मी वर्षभर हात लावला नव्हता, रंगाच्या वस्तूंशी आपलं काय काम म्हणून. एका रात्री सहज ८०ए आयपीसच्या खालच्या आट्यांत फिरवून बसवली आणि डोळा लावला. सगळा गुरू निळा झाला, बराच अंधारलाही. आणि पट्ट्याच्या काठावर एक लांबट, गडद अंडाकृती ठिपका होता.

मी डोळा काढला, पुसला, परत लावला. ठिपका होता. काच काढली, गेला. काच लावली, आला. असं मी दहा वेळा केलं असेल. अकराव्या वेळी बोटं थंडीनं आखडली होती, काच सुटली आणि खळ्यावरच्या तणसाच्या ढिगात पडली. ती शोधायला अर्धा तास लागला. निळा रंग मला चांगला दिसतो, तेवढं बरं.

हे कसं होतं ते सोपं आहे. फिल्टर कशातही भर घालत नाही, तो फक्त काढून घेतो. ८०ए शंभरातला साधारण तीस भाग उजेड पुढे सोडते, मुख्यतः निळा. लाल डाग निळा उजेड फारसा परतवत नाही, म्हणून निळ्या काचेतून तो काळपट दिसतो. भोवतीचे ढग निळाही परतवतात, म्हणून ते उजळ राहतात. रंगातला फरक उजेड-अंधाराचा फरक होतो. आणि उजेड-अंधार मला तुमच्याइतकाच कळतो.

उलट २५ नंबरच्या लाल काचेतून पाहिलं तर डागही उजळ आणि ढगही उजळ. तो ढगांत मिसळून जातो.

या नंबरांमागे फ्रेडरिक रॅटन नावाचा इंग्रज आहे. छायाचित्रणाचं सामान बनवणारी त्याची कंपनी १९१२ साली कोडॅकनं घेतली, पण फिल्टरना आजही रॅटन नंबरच म्हणतात. खगोलशास्त्रज्ञांनी या काचांनी मोठी कामं केली. १९२४ साली लिक वेधशाळेत विल्यम राइट यांनी मंगळाचे वेगवेगळ्या रंगांतून फोटो घेतले. जांभळ्या उजेडात जवळपास नुसतं वातावरण आलं, आणि लाल व त्याच्याही पलीकडच्या उजेडात जमिनीवरचे डाग स्वच्छ उमटले. १९२७ साली फ्रँक रॉस यांनी माउंट विल्सनवरून शुक्राचे अतिनील फोटो घेतले. साध्या डोळ्यांना कोऱ्या दिसणाऱ्या शुक्रावर ढगांच्या आकृती निघाल्या. म्हणजे शुक्रासमोर सगळी माणसं माझ्यासारखीच होती.

आणि तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्याच्या कॅमेऱ्यातही याच काचा आहेत. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, किती उजेड पडला एवढंच तो मोजतो. म्हणून त्याच्या प्रत्येक बारीक चौकटीवर एकेक फिल्टर बसवलेला असतो. बहुतेक फोनांत निम्म्या चौकटींवर हिरवा, पाव भागावर लाल, पाव भागावर निळा. मग हिशेब करून रंग तयार होतात. २०१४ साली मंगळाभोवती पोचलेल्या आपल्या मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्यातही हीच युक्ती होती. हे वाचलं त्या दिवशी मला उगाचच फार बरं वाटलं. मंगळयान रंगांधळं होतं आणि तरी त्याला नोकरी मिळाली.

हे वाचून कोणी लगेच फिल्टरचा संच मागवू नये. रंग नीट दिसणाऱ्याला या काचांनी फार मोठा फरक पडत नाही, थोडासा पडतो. लहान दुर्बिणीत तर नुकसानच जास्त. २५ नंबर शंभरातला चौदाच भाग उजेड सोडते, ४७ नंबरची जांभळी तीन. तीन-चार इंची दुर्बीण असेल तर फिक्या काचा बऱ्या. आणि रंगीत फिल्टर लावून सूर्याकडे चुकूनही पाहू नका, कितीही गडद असला तरी. जुन्या दुर्बिणींसोबत आयपीसमध्ये बसवायचे सूर्यफिल्टर यायचे. ते उन्हानं तडकतात, आणि डोळा तिथंच असतो.

२०२४ च्या ७ डिसेंबरला गुरूची प्रतियुती होती, म्हणजे सूर्य आणि गुरू यांच्या बरोबर मधे पृथ्वी. गुरू तेव्हा वृषभ राशीत होता आणि मध्यरात्री आमच्या जवळजवळ डोक्यावरून जात होता. ऐकायला छान. पण लाकडी बैठकीवरची दुर्बीण सरळ वर केली की ती वळवणं फार अवघड, आणि ग्रह मिनिटभरात नजरेतून निसटतो. धानाची मळणी उरकली होती. खळ्यावर मी एकटाच खटपट करत होतो, तर मागून खोकला ऐकू आला. बाबा मफलर गुंडाळून उभे होते.

‘एवढ्या थंडीत काय पायत असते रोज?’

मी काही बोललो नाही, स्टूल सरकवलं. डाग मधोमध यायला पंधराएक मिनिटं होती. काच लावली नव्हती. बाबांनी डोळा लावला आणि बराच वेळ हलले नाहीत. तीस वर्षं रुळावरचा केसाएवढा तडा शोधणारी नजर ती.

‘दोन पट्टे हायत. अन् एका पट्ट्याच्या काठाले काहीतरी हाय. इटकरीवानी.’

पहिल्याच रात्री, बिनकाचेचं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

मी आयपीस काढला, डबीतल्या काचांचे नंबर टॉर्चखाली वाचले आणि २५ बसवली. ‘आता पाहा.’

‘सगळं लाल झालं.’

‘तो डाग?’

ते शोधत राहिले. ग्रह निसटला, मी नळी सरकवून परत आणला. ते परत शोधत राहिले. ‘गेला,’ म्हणाले. ‘कुठं गेला?’

‘तिथंच आहे, बाबा. मले असंच दिसते.’

नेमकं असंच दिसतं असं नाही. मला सगळं लाल दिसत नाही, पिवळा-निळा चांगला कळतो. पण त्या डागापुरतं सांगायचं तर खरं होतं. मग मी ८०ए लावली आणि म्हटलं, ही लावली की मला दिसतो. त्यांनी निळ्यातून पाहिलं, डाग काळा झालेला पाहिला. मग स्वतःच म्हणाले, ‘लाल लाव पुन्हा.’ मी लावली. त्यांनी पाहिलं. ‘निळी.’ लावली. चार-पाच वेळा झालं. देव्हाडीकडून एक मालगाडी गेली, तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत ते आयपीसला डोळा लावून वाकलेले होते.

मग स्टुलावर बसले. बिडी काढली, पेटवली नाही.

‘माह्या डाव्या डोऱ्याचं ऑपरेशन झालं ना, मोतीबिंदूचं,’ ते म्हणाले. ‘पट्टी काढली तं त्या डोऱ्यानं आपली भिंत पांढरीफेक दिसे. अन् उजव्यानं पिवळी. एकच भिंत. मी एक-एक डोरा झाकून पाहो. कोनाले सांगतलं नाही. म्हनलं, लोक हासतीन.’

मी काय बोलणार? पूर्वेला नारंगी म्हणतात तो मंगळ झाडांच्या वर आला होता. जानेवारीत त्याचीही प्रतियुती होती. मी म्हटलं, संक्रांतीच्या सुमारास तो बराच मोठा दिसेल, ध्रुवावरचा बर्फही दिसेल.

‘त्याले कोनती काच लागते?’

‘लाल. जमिनीवरचे काळे डाग उठून दिसतात.’

मी आयपीसमधली निळी काढून डबीत टाकली. दुर्बीण पूर्वेकडे वळवायला उठलो, टॉर्च खिशात होता. बाबांनी डबी मांडीवर घेतली, मोबाइलचा उजेड तिच्यात धरला आणि नंबर न वाचता एक काच उचलून माझ्या हातात दिली.