हिरवी खूण म्हणजे साक्ष नव्हे

आमच्या जमातीच्या बैतुलमालचा हिशेब एका छोट्या पायथन प्रोग्रामवर चालतो. माणसाची मालमत्ता भरली की तो देणी वजा करतो, निसाब तपासतो (सोने ८७.४८ ग्रॅम किंवा चांदी ६१२.३६ ग्रॅम) आणि अडीच टक्के जकात काढतो. ज्या मुलांनी तो लिहिला त्यांनी सोबत टेस्टही लिहिल्या. टेस्ट म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न. चार लाखांवर जकात दहा हजार यायला हवी. नऊ हजार नऊशे आली तर टेस्ट लाल होते.

या टेस्ट नोज नावाच्या फ्रेमवर्कवर चालत. नोजची शेवटची आवृत्ती २०१५ची. २०२१ मध्ये पायथन ३.१० आले आणि नोज त्यावर चालेनासे झाले. म्हणून सगळ्या टेस्ट पायटेस्टवर नेण्याचे काम माझ्याकडे आले. आम्ही पायटेस्टची सातवी आवृत्ती घेतली.

प्रोग्रामला हात न लावता मी टेस्ट तशाच पायटेस्टवर चालवून पाहिल्या. एकही लाल ओळ आली नाही. पण नोज १८६ टेस्ट मोजत असे, इथे १७५च भरल्या. अकरा कुठे गेल्या?

एका फंक्शनमध्ये यील्ड वापरून बारा उदाहरणे एकामागून एक दिलेली होती. नोज त्यांना बारा टेस्ट मानत असे. पायटेस्टने ४.० पासून ही पद्धत बंद केली आहे. आमच्या आवृत्तीने त्या बाराऐवजी एकच नोंद केली, ती 'अपेक्षित अपयश' म्हणून, आणि खाली एक इशारा छापला. आतले काहीच तपासले गेले नव्हते.

ती बारा उदाहरणे निसाबाच्या काठावरची होती: एक ग्रॅम कमी, एक ग्रॅम जास्त, वर्ष पूर्ण न झालेले. आमच्याकडे पाळल्या जाणाऱ्या हनफी मतानुसार, चार दागिने बाळगणारी एखादी विधवा जकात देणारी की घेणारी, हे याच काठावर ठरते. तिथला प्रश्न विचारलाच गेला नाही, तर चुकीचे उत्तर कळणार कसे? ती बारा उदाहरणे मी पॅरामीटराइझ वापरून पुन्हा मांडली. मग आकडा १८६ झाला.

दुसरी गोष्ट आकड्यातही दिसत नव्हती. जुन्या टेस्टमधली 'जवळपास समान' ही तुलना दशांशानंतर सात स्थळांपर्यंत पाहायची. पायटेस्टमधले अप्रॉक्स दहा लाखांत एक भाग इतका फरक चालवून घेते. लहान रकमेला ते पुरते, पण एक कोटीच्या बेरजेत दहा रुपयांची चूक हिरवीच राहते. लोकांची अमानत असलेल्या पैशात 'जवळपास' हा शब्द नको, म्हणून रकमा पूर्णांक पैशांत घेऊन तुलना नेमकी केली.

शेवटी मुद्दाम प्रोग्राम बिघडवून पाहिला. अडीच टक्क्यांचे दोन केले, निसाबाच्या तुलनेतले चिन्ह उलटे केले, देण्यांची वजाबाकी काढून टाकली. दर वेळी कोणत्या टेस्ट ओरडतात ते पाहिले आणि मग प्रोग्राम पूर्ववत केला. एक टेस्ट कशानेच लाल होईना. तिच्यात तुलनाच नव्हती. पूर्वीच्या फ्रेमवर्कमध्येही ती गप्पच होती. तिला आता प्रश्न दिला.

हदीसच्या अभ्यासकांनी मजकुराइतकेच, किंबहुना त्याआधी, तो सांगणाऱ्यांना पारखले. सनदेतली एक कडी बदलली की पारख पुन्हा करावी लागते. फ्रेमवर्क बदलताना तरी काय होते? मजकूर तोच राहतो, सांगणारा बदलतो. नव्या सांगणाऱ्याने सगळे ऐकले का, तेवढ्याच काटेकोरपणे ऐकले का, आणि खोट्याला खोटे म्हणण्याची त्याची तयारी आहे का, हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष धरू नये. जो साक्षीदार कधीच 'नाही' म्हणू शकत नाही, त्याच्या 'हो'ला काय किंमत?