कॉम्प्युटर तापतोय? पंख्याच्या खालची पेस्ट बघा

आमच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या सगळ्या नोंदी घरच्या कॉम्प्युटरवर असतात. नोंद दाखवता आली नाही तर निर्यातीचा माल अडतो. आणि ऐन मार्चमध्ये तो दहा-दहा मिनिटांत बंद पडायला लागला.

उघडून बघितलं. पंखा फिरत होता. पण प्रोसेसर आणि त्यावरच्या हीटसिंकमधली पेस्ट वाळून भेगाळली होती, उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखी.

दोन्ही धातू डोळ्याला गुळगुळीत दिसतात, पण त्यात बारीक खाचा असतात. तिथं हवा अडकते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. पेस्ट ती पोकळी भरते. पेरल्यावर बियाला माती चिकटली नाही तर उगवण होत नाही, तसंच हे.

म्हणून भरपूर पेस्ट थापायची नाही. उष्णता न्यायला पेस्टपेक्षा धातूच कितीतरी चांगला. थर पातळच पाहिजे.

आधी वायर काढा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाळू द्या. मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका ठेवा. हीटसिंक सरळ खाली बसवा, दाबानं पेस्ट आपोआप पसरते. स्क्रू ट्रॅक्टरच्या चाकाच्या नटासारखे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. पंख्याची वायर जोडायला विसरू नका.

आधी ९७ डिग्री दाखवायचा, आता ६५ च्या आसपास राहतो.

पेस्टची छोटी ट्यूब एकापेक्षा जास्त वेळा पुरते. आणि हो, नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवाच.