तिसऱ्यांदा मागितलेली गोळी

आमच्या भागात पोटाच्या आजारांना तीनच नावं आहेत. छातीपासून बेंबीपर्यंत काहीही होत असलं तर तो गॅस, संडासवाटे रक्त पडलं तर मूळव्याध, आणि यांपैकी काही सांगता येत नसून माणूस नुसताच खंगत चालला तर अशक्तपणा. तिन्हींवरचे उपायही ठरलेले. गॅसवर उपाशीपोटी घ्यायची गोळी, जी मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो. मूळव्याधीवर एसटी स्टँडच्या भिंतीवर ज्याचा पत्ता रंगवलाय त्याचं औषध. अशक्तपणावर सलाईन. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करताना अन्ननलिका, जठर, आतडं, स्वादुपिंड यांच्या कॅन्सरचे जे रुग्ण मी पाहिले, ते जवळजवळ सगळे या तीनपैकी एका नावाखाली काही महिने काढून आलेले होते.

यात रुग्णाला दोष देण्यात अर्थ नाही. गॅस म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना खरोखरच साधं पित्त असतं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी, रात्रीचं उशिराचं जेवण, दिवसभराचा चहा. या प्रत्येकाला दुर्बिणीची तपासणी सांगितली तर सोलापूरची सगळी एन्डोस्कोपी केंद्रं रात्रंदिवस चालवूनही पुरायची नाहीत, आणि लोक माझी पायरी चढायचे थांबतील ते वेगळंच. म्हणून या गर्दीतला एखादाच वेगळा माणूस हेरावा लागतो. त्यासाठी सुरुवातीला लागतो तो वजनकाटा आणि दोन-चार प्रश्न विचारण्याएवढी फुरसत. बाजाराच्या दिवशी नेमकी तीच नसते.

अशाच एका बाजाराच्या दिवशी साठीच्या आसपासच्या एक आजी सुनेबरोबर आल्या. "गॅसनं छातीत धरल्यागत व्हतंय, मागची गोळी लिवून द्या." मागची म्हणजे माझी नव्हे, मेडिकलमधून दोनदा आणलेली. हिरड्या मिश्रीनं काळ्या पडलेल्या. मी विचारलं, "आजी, भाकरी कशी खाता?"

"कुस्करून. आमटीत भिजवून."

"पहिल्यापासनं?"

त्यांच्याआधी सून बोलली, "न्हाई ओ डॉक्टर, दिवाळीपर्यंत ठेच्यासंगं कोरडी खात हुत्या. आता भातबी पातळच लागतोय."

घास अडकतो का, असं सरळ विचारलं असतं तर आजी नाही म्हणाल्या असत्या, आणि ते खोटं नसतं. भिजवलेला घास अडकत नव्हताच. अन्ननलिका लवचिक असते. आतली गाठ बरीच वाढून वाट निम्म्याहून अरुंद होते तेव्हा कुठे घन पदार्थ अडायला लागतात, आणि तोवर माणसाने नकळत खाण्याची रीत बदललेली असते. म्हणून त्रासाऐवजी रीत विचारायची. आधी कोरडी भाकरी सुटते, मग चपाती, मग घट्ट भात, शेवटी दूधही. आजी यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर होत्या. काट्यावर उभं केलं तर 45 किलो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळच्या कागदावर 52 होतं.

गोळी लिहून दिली नाही म्हणून आजी नाराज झाल्या. पण ही गोळी जळजळ थांबवते आणि आतल्या जखमेवर वरवर खपलीही धरू देते, त्यामुळे जठरातली सुरुवातीची गाठ काही दिवस दडून राहू शकते. ज्याला तपासणीला पाठवायचं आहे त्याला आधी महिनाभर गोळ्या खायला घालणं म्हणजे चोर यायच्या रात्री अंगणातला दिवा मालवणं. त्याच आठवड्यात एन्डोस्कोपी झाली, तुकडा तपासायला गेला. अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वॅमस प्रकारची गाठ. तंबाखूशी थेट नातं असलेला हा प्रकार, आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. पण आमच्या बायका तिला व्यसन मानत नाहीत, दात घासणं मानतात. गाठ बाहेर पसरलेली नव्हती. केमोथेरपी, रेडिएशन आणि मग मोठी शस्त्रक्रिया असं सगळं पार पडलं. आजी आता थोडं थोडं करून दिवसातून पाच-सहा वेळा खातात, आणि मिश्रीचा डबा सुनेनं उकिरड्यावर फेकला आहे.

मूळव्याधीची गोष्ट याहून अवघड, कारण तिथं लाज आडवी येते. रक्त पडतंय हे सांगायलाच माणूस महिना लावतो. सांगितलं तरी तपासून घ्यायची तयारी नसते, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ डॉक्टरांचीही नसते. हातमोजा, थोडी जेली आणि एक बोट, एवढ्यावर गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ हाताला लागते. एक रिक्षावाला आला होता, पस्तिशीच्या आतबाहेरचा. एका ठिकाणी "विना ऑपरेशन" इलाज करून घेतलेला, पैसे संपले तेव्हा माझ्याकडे. त्याच्या बोलण्यातली एकच गोष्ट मला खटकली. तो म्हणाला, "जाऊन आलो तरी परत जावंसं वाटतंय, पोट साफ झाल्यागत वाटंना." मूळव्याधीत रक्त पडतं, पण ही सतत लागल्याची भावना आणि शौचाच्या सवयीत पडलेला फरक याकडे डोळेझाक करायची नसते. कंपाउंडरला पडदा ओढायला सांगितला. बोटाला गाठ लागली, कडक, खडबडीत कडेची. वय लहान आहे म्हणून कॅन्सर नसेल, हे गणित आपल्याकडे चालत नाही. आपल्याकडे गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये चाळिशीच्या आतले रुग्ण चांगलेच दिसतात.

अशक्तपणाचं थोडक्यात सांगतो. पाळी चालू असलेल्या बाईचं रक्त कमी असलं तर कारण समोर असतं. पण पाळी बंद झालेल्या बाईचं किंवा पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन 8 वर आलं, तपासणीत लोहाचीच कमतरता निघाली, तर ते लोह कुठंतरी गळतंय असं धरून चालावं. शेतात अनवाणी फिरणाऱ्यांत हुकवर्मही असतो, त्याचं औषध द्यावं. पण तेवढ्यावर थांबू नये. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यातली गाठ अशीच थेंबथेंब गळत राहते. डोळ्याला रक्त दिसत नाही, माणूस फक्त जिना चढताना थांबायला लागतो. लोहाच्या गोळ्यांनी त्याचं रक्त महिना-दोन महिने वाढतंही, आणि डॉक्टर, रुग्ण दोघंही खूश होतात.

कावीळ मात्र लोक आजार मानतातच, फक्त तो आमच्यापर्यंत येत नाही. गळ्यात काविळीची माळ घालायची, ती लांबत गेली की कावीळ उतरली. तरुण पोराची साथीची कावीळ तशीही आपोआप उतरते, त्यामुळे माळेचं नाव टिकून आहे. पण साठीच्या माणसाला न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, संडास पांढुरकी होऊ लागली, तर पित्ताची वाट कुठंतरी बंद झालीय. त्याला माळ घालून बसवणं म्हणजे स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या गाठीला मोकळं रान देणं. सोनोग्राफी त्याच दिवशी व्हायला हवी.

आता सगळ्यात कठीण टप्पा, ज्याबद्दल पाठ्यपुस्तकात अक्षरही नसतं: चिठ्ठी हातात दिल्यापासून एन्डोस्कोपीच्या टेबलापर्यंतचा. उपाशीपोटी सकाळची गाडी धरायची, बरोबर कोण येणार, ऊसतोड चालू आहे, जनावरांना कोण बघणार, आणि तपासणीचे पैसे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात हे लोकांना ठाऊक आहे, पण निदानाचा कागद हाती पडेपर्यंतचा खर्च बहुतेक वेळा खिशातूनच जातो. नेमक्या याच टप्प्यावर माणसं गळतात. मी एक जाड वही ठेवलीय. कोणाला कशासाठी पाठवलं, फोन कोणाचा, गेला की नाही. दर शनिवारी कंपाउंडर फोन लावतो. सोलापूरच्या एका पोटविकारतज्ज्ञांशी बोलून ठेवलंय. माझी चिठ्ठी आली की ते परगावच्या माणसाला सकाळी पहिल्यांदा घेतात, म्हणजे तो दुपारच्या गाडीनं घरी पोचतो. एवढ्या एका सोयीनं न जाणाऱ्यांची संख्या निम्म्याच्याही खाली आली, असा माझा अंदाज आहे.

सरकारी तपासणी मोहिमेचं काय, असं कोणी विचारतं. राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरसाठी चाचणी होते. पोट, आतडं त्यात नाही. जपान आणि ब्रिटनमध्ये शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी ठरावीक वयापुढच्या लोकांसाठी असते, नमुना घरच्या घरी घेता येतो. ब्रिटनमध्ये आता आतड्याची लक्षणं घेऊन आलेल्या रुग्णाला आधी ही चाचणी देऊन मग कोलोनोस्कोपीची घाई किती हे ठरवतात. माझ्या मते सरसकट सगळ्यांची चाचणी आपल्याला इतक्यात झेपणार नाही, पण ही दुसरी पद्धत तालुक्याला लगेच चालेल. फक्त एक लक्षात ठेवावं: ही चाचणी मोठ्या आतड्यासाठी आहे. जठरातलं रक्त वाटेत पचतं, ते तिला सापडत नाही.

पाठवलेल्यांत सगळ्यांनाच काही निघतं असं नाही. एका शिक्षकांना कोलोनोस्कोपीला पाठवलं, निघाली मूळव्याधच. आदल्या रात्री ते पोट साफ करायचं औषध पिऊन रात्रभर जागे, वर खर्च. पुढचे कित्येक दिवस स्टाफरूममध्ये माझा उद्धार चालला होता म्हणे. हे चालायचंच. पाठवलेल्या प्रत्येकाला गाठ निघायला लागली तर मी फार उशिरा पाठवतोय असा त्याचा अर्थ होईल.

आमच्या शेजारच्या बार्शीत 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथल्या लोकांनी गावोगाव जाऊन बायकांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लक्षणं समजावली, तेव्हा रुग्ण आधीच्या टप्प्यात येऊ लागल्याचं त्यांच्याच नोंदींत दिसलं. नवं यंत्र आलं नव्हतं, नुसतं बोलणं होतं. अन्ननलिकेच्या बाबतीतही ते होईल असं मला वाटतं, आणि ते बोलणं दवाखान्यात सुरू व्हायची वाट पाहू नये, कारण रुग्ण आधी औषधाच्या दुकानात जातो.

म्हणून औषध दुकानदारांना माझं सांगणं आहे. पन्नाशीपुढचं तेच गिऱ्हाईक गॅसची तीच पट्टी तिसऱ्यांदा मागायला आलं, तर काउंटरवरच विचारा: घास नीट उतरतो का, कपडे सैल झालेत का, संडास काळी होते का. यातल्या एकाचंही उत्तर काळजीचं निघालं, किंवा नुसतं हो-नाहीच्या मध्ये लोंबकळलं, तरी पट्टी देऊ नका, डॉक्टरकडे पाठवा. आमच्या गावात दोन दुकानदारांनी हे सुरू केलंय. त्यांच्या धंद्यात काही फरक पडलेला नाही.